कार्तिकात तुळस का जाते?

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. ट्रेनमध्ये रेंज जाते म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी.)

आजचा भाग झाडांचा आहे. त्यातही आपली झाडं थंड देशात कशी जगवायची, याचा. तुम्ही म्हणाल, आम्ही परळला राहतो, इथे पंखा बंद केला तर झोप येत नाही, आम्हाला थंड देशाचं काय? पण तुमच्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी बाहेर आहे. बहीण, मित्र, चाळीतला शेजारी. त्यांच्या व्हॉट्सअॅपवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक फोटो हमखास येतो. कुंडी, तिच्यात काळी पडलेली काडी, आणि खाली लिहिलेलं, 'ही पण गेली.' आजचा भाग त्या फोटोसाठी.

सुरुवात मात्र आपल्या भायखळ्यापासून करू.

राणीच्या बागेत आज गर्दी असते ती पेंग्विनसमोर. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून हंबोल्ट पेंग्विन आणले. काचेच्या आत त्यांच्यासाठी १६ ते १८ अंशांचा गारवा सतत ठेवावा लागतो. आपण बाहेर रुमालाने मान पुसतोय आणि ते आत मजेत पोहतायत. ती कूलिंग यंत्रणा बंद पडली तर काय होईल, हे सांगायला माझ्यासारखा इंजिनिअर लागत नाही.

आता त्याच बागेत एक झाड आहे, त्याच्यासमोर फारसं कुणी थांबत नाही. नाव उर्वशी. मूळचं ब्रह्मदेशातलं, म्हणजे आजच्या म्यानमारचं. लांब देठांवर लाल फुलांचे झुंबरासारखे घोस खाली लोंबतात, पाकळीवर पिवळा ठिपका. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिच यांनी १८२० च्या दशकात ते मार्तबान भागातल्या एका मठाच्या बागेत पाहिलं. गव्हर्नर जनरल अॅमहर्स्ट यांच्या घरातल्या स्त्रियांच्या नावावरून त्याला 'अॅमहर्स्टिया नोबिलिस' हे शास्त्रीय नाव मिळालं. वर्णन वाचून इंग्लंडमधले बागवाले श्रीमंत वेडे झाले. डेव्हनशरच्या ड्यूकने तर १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाचा आपला माळी थेट हिंदुस्थानात पाठवला, मुख्यतः या झाडासाठी. १८३७ मध्ये गिब्सन रोपं घेऊन परत गेला. काचेच्या बंद पेटीत रोपं ठेवून जहाजाने न्यायची युक्ती तेव्हा नवीन होती, तिचा उपयोग झाला.

त्याच सुमारास ड्यूकच्या चॅट्सवर्थ इस्टेटीवर एक अवाढव्य काचघर उभं राहत होतं. खाली आठ बॉयलर, गरम पाण्याचे सुमारे ११ किलोमीटर पाइप. आणि एवढं करून उर्वशीने ड्यूकला फूल दिलं नाही! इंग्लंडमध्ये ती पहिल्यांदा फुलली १८४९ मध्ये, लंडनजवळ ईलिंगला, मिसेस लॉरेन्स नावाच्या बाईंच्या काचघरात. त्या चॅट्सवर्थच्या काचघराचा शेवटही ऐका. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माणसं दोन्ही मिळेनात. बॉयलर थंड पडले, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते काचघर पाडून टाकलं.

आणि भायखळ्याला? राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी उघडली. त्याआधी अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती, जिथे आज ख्रिश्चन दफनभूमी आहे तिथे. भायखळ्याच्या बागेत जगभरची झाडं आली. आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशाची उर्वशी. सगळी परदेशी, आणि सगळी उघड्यावर उभी आहेत. ना बॉयलर, ना काच.

मग फरक कशाचा? माळी दोन्हीकडे हुशारच होते. पैसा तर ड्यूककडे जास्त होता. फरक रात्रीच्या तापमानाचा. हवामान खात्याच्या कुलाबा केंद्रात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान आहे ११.७ अंश, तारीख २२ जानेवारी १९६२. म्हणजे गिरगाव-भायखळ्याच्या झाडांनी इतक्या वर्षांत पाहिलेली सगळ्यात वाईट रात्र साधारण ही. इंग्लंडमध्ये अशी रात्र जूनमध्येसुद्धा येते, आणि तिथले लोक तिला छान हवा म्हणतात.

आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच. झाडाला देश कळत नाही, रात्र कळते. दुपारी किती ऊन होतं, सरासरी किती होती, यापेक्षा वर्षातली सर्वांत थंड रात्र किती खाली गेली, यावर ते झाड तिथे राहील की नाही हे ठरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा जो झोनचा नकाशा आहे, तो याच आकड्यावर बेतलेला आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे रोपांच्या लेबलवर छापलेले एच१, एच२, एच३ हे गटसुद्धा तेच सांगतात. एच१ए म्हणजे १५ अंशांच्या खाली नेऊ नका. एच१बी म्हणजे १० ते १५ पर्यंत चालेल. एच१सी म्हणजे ५ ते १०. एच२ म्हणजे १ ते ५, दंव मात्र चालणार नाही. तुमच्या बहिणीने तिथल्या नर्सरीतून रोप घेतलं तर आधी हा कोड वाचायला सांगा. मग फूल बघायचं.

आता तुळशीकडे येऊ.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते. माहेर गिरगावातलं. चाळीच्या गॅलरीत, डालड्याच्या जुन्या डब्यात लावलेल्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय मावशी चहा घेत नाही. बहिणीने तिकडे लागोपाठ तीन वर्षं तुळस लावली आणि तिन्ही वर्षं ती गेली. आणि गेली कधी, तर बरोबर तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे. इकडे मावशी ऊस, आवळे, चिंचा आणून अंतरपाटाची तयारी करतेय, व्हिडिओ कॉल लावलाय, आणि तिकडे कुंडीत काळी काडी. मावशी काही बोलली नाही. पण 'घरात सगळं ठीक आहे ना गं?' असं तिने दोनदा विचारलं. बहीण मला नंतर म्हणाली, 'झाड मेलं त्याचं इतकं नाही रे वाटलं. आईला वाटतंय की माझ्याच घरात काहीतरी बिनसलंय.'

हे फक्त माझ्या बहिणीचं नाही. तुळस सुकली की घरावर काहीतरी येणार, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. त्यामुळे जास्वंद मेली तर आपण जास्वंद मेली म्हणतो, आणि तुळस मेली की बाई स्वतःलाच दोष देते. म्हणून तुळस तिकडे नेमकी कशाने जाते, हे नीट समजून घेऊ.

थंडी झाडाला दोन प्रकारे मारते. पहिला प्रकार दंवाचा. तापमान शून्याखाली गेलं की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी गोठतं, ते बर्फाचे स्फटिक पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतात, आणि पेशी कोरडी पडून फाटते. सकाळी ऊन आलं की पान उकडलेल्या पालकासारखं लिबलिबीत दिसतं. हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो.

दुसरा प्रकार कमी लोकांना माहीत असतो, आणि तुळस बहुतेक वेळा त्यानेच जाते. बर्फ कुठेही नाही, तापमान ५-६ अंश आहे, तरी झाड मरतं. याचा पुरावा तुमच्या घरात आहे. केळं फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत साल काळी. तुळशीची पानं ठेवा, काळी. कोथिंबीर ठेवा, काही होत नाही. फ्रीज तोच, तापमान तेच.

कारण असं. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो आणि तो मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा बनलेला असतो. आता खोबरेल तेल आठवा. जानेवारीत सकाळी आपली बाटली गोठलेली असते, साधारण २४ अंशांच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं. शेजारी शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच असतं. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पडद्यातला स्निग्धांश काहीसा खोबरेलासारखा वागतो. थंडीत तो ताठरतो, पडद्यातून आत-बाहेर होणारा कारभार बिघडतो, आतलं पाणी झिरपायला लागतं. थंड प्रदेशातली झाडं दिवस लहान व्हायला लागले की या पडद्याची घडण बदलतात, पेशीत साखर वाढवतात, थोडक्यात स्वेटर घालतात. तुळशीकडे स्वेटर नाही. तिच्या कुळात कुणाला कधी लागलाच नाही.

तिसरी गोष्ट मुळांची. कुंडीतली माती गार पडली की मुळं पाणी उचलायचं जवळजवळ थांबवतात. पानं माना टाकतात. आपण बघतो, वाटतं पाणी कमी पडलं. मग आपण आणखी पाणी घालतो. माती आधीच ओली, त्यात थंड, मुळं कुजतात. म्हणजे थंडीने निम्मं मारलेलं झाड आपलं प्रेम पुरतं मारतं. त्यात तुळशीला रोज पाणी घालणं हा तर नेमच! परदेशातल्या हिवाळ्यात हा नेम तसाच चालवता येत नाही. नमस्कार रोज करा, पाणी मात्र मातीत बोट घालून बघा, वरचा पेरभर थर कोरडा असेल तरच.

चौथी गोष्ट उजेडाची. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस जवळपास ११ तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासांहूनही कमी असतो, आणि त्यातही ढग. घर कितीही ऊबदार ठेवा, झाड उपाशीच राहणार. त्यासाठी साधा पांढरा एलईडी ग्रो लाइट, टायमर लावून रोज बारा-चौदा तास, पानांच्या वर वीतभर अंतरावर. हे काही महागडं प्रकरण नाही.

मावसबहिणीला मी एकच वस्तू घ्यायला लावली होती. किमान-कमाल थर्मामीटर. रात्रीत सर्वांत खाली किती गेलं, तो आकडा हा धरून ठेवतो. हॉलमध्ये १९ अंश होते म्हणून ती निश्चिंत होती. तुळस खिडकीत, संध्याकाळी पडदा ओढलेला. म्हणजे तुळस पडद्याच्या पलीकडे, काचेला टेकून. तिथला रात्रीचा आकडा ९. घर एक, पण माणसांची रात्र वेगळी आणि तुळशीची वेगळी. त्यात खिडकीखाली रेडिएटर, दिवसभर कोरडी गरम हवा वर जाते. अशा हवेत लाल कोळी नावाची बारीक कीड पानाखाली फार झपाट्याने वाढते. पानावर फिक्या टिकल्या आणि बारीक जाळी दिसली तर तीच. पान उलटं करून पाण्याने धुवायचं, आठवड्यातून दोनदा.

बरं, एवढं सगळं करून तुळस जगते का? कधी जगते, कधी नाही. आणि इथे एक गोष्ट आपण विसरतो. तुळस गिरगावातसुद्धा कायम टिकत नाही. मंजिऱ्या धरल्या, बी पडलं, खोड लाकडासारखं झालं की दोन-तीन वर्षांत ती उतरणीला लागते. मावशीच्या डब्यात गेली वीस वर्षं तुळस आहे, पण एकच झाड नाही. जुनी जायच्या आत बाजूला नवी उगवलेली असते, आणि मावशी ते रोप मुख्य जागी आणते. आपण सगळे मिळून त्याला 'आपली तुळस' म्हणतो. खरं तर तो वंश आहे.

तिकडे बी आपोआप पडून उगवत नाही, कारण थंडी मध्ये येते. मग जे काम इथे हवा करते ते तिकडे हाताने करायचं. मंजिऱ्या सुकल्या की कागदी पाकिटात, वर वर्ष लिहून, कोरड्या जागी. मार्चमध्ये खोलीत पेरायच्या. बी अगदी बारीक, मातीवर नुसतं भुरभुरायचं, गाडायचं नाही. २० ते २५ अंशांची ऊब मिळाली की आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतात. एक सूचना: तिकडे 'होली बेसिल' म्हणून मिळणारं बी कधीकधी वेगळ्याच जातीचं असतं. चव-वास वेगळा आला तर गोंधळू नका.

आता बाकीची झाडं. थंड देशात आपली जी झाडं लोक लावतात, त्यांचे मी तीन गट करतो. हे तीन गट समजले की निम्मं काम झालं.

पहिला गट, दर वर्षी नव्याने पेरायची झाडं. तुळस, भेंडी, गवार, झेंडू. यांना हिवाळ्यात वाचवायचा हट्ट धरायचा नाही. बी ठेवायचं, वसंतात पेरायचं.

दुसरा गट, जमिनीखाली झोपणारी झाडं. अळू, हळद, आलं, कर्दळ, निशिगंध. हा गट मला सगळ्यात आवडतो, कारण यांना झोपायचं कसं ते मुळातच माहीत आहे. आपल्याकडे उन्हाळा कोरडा गेला की ती गुडूप होतात, पाऊस आला की उठतात. तिकडे फक्त झोपेचा महिना बदलतो. पहिल्या दंवाने पानं काळी पडली की कंद उकरायचे, माती झटकायची, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये खोक्यात भरून घरातल्या अंधाऱ्या, थंड पण गोठणार नाही अशा जागी ठेवायचे. हळद आणि आलं जरा ऊबदार जागी, घरातल्या कपाटात. मार्च-एप्रिलात पुन्हा कुंडीत. उन्हाळ्यात अळूवडीपुरती पानं आरामात मिळतात.

या गटावर इंग्लंडमध्ये मोठमोठ्या बागा उभ्या आहेत. ग्रेट डिक्स्टर म्हणून एक प्रसिद्ध बाग आहे. तिचे मालक ख्रिस्तोफर लॉईड यांनी १९९३ मध्ये आपल्या घराण्याची जुनी गुलाबांची बाग उपटून टाकली आणि तिथे कर्दळ, डेलिया, केळी अशा उष्ण प्रदेशातल्या दिसणाऱ्या झाडांची बाग केली. लोक हबकले. इंग्रज माणसाने गुलाब उपटून कर्दळ लावायची! आपल्याकडे जी कर्दळ सोसायटीच्या गेटपाशी आपोआप वाढते, तिला बघायला तिकडे लोक तिकीट काढून जातात. तिथल्या बागांत दिसणारी केळ बहुधा 'मुसा बास्जू' जातीची असते. ती गवताने-पेंढ्याने खोड गुंडाळलं की थंडी काढते, पण तिची केळी खाण्याजोगी नसतात. आपली वेलची केळ तिकडे उघड्यावर लावू नका, उगाच जीव जाईल बिचारीचा.

तिसरा गट, लाकडी खोडाची झाडं. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, लिंबू. ही कुंडीतच हवीत, कारण हिवाळ्यात त्यांना उचलून आत आणावं लागतं. जमिनीत लावली की संपलं. यातला कढीपत्ता लोकांना फार रडवतो. आत आणल्यावर डिसेंबरात तो सगळी पानं टाकतो. नुसत्या काड्या उरतात. लोक फेकून देतात. थांबा. नखाने खोडाची साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे, झोपलाय. अशा वेळी खत अजिबात नाही, पाणी दोन-तीन आठवड्यांतून अगदी थोडं. मार्च-एप्रिलमध्ये बुंध्याकडून नवा कोंब फुटतो. आत सगळं तपकिरी आणि ठिसूळ असेल, तर मात्र नमस्कार करून कुंडी मोकळी करा.

आता हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? तिकडच्या पुस्तकांत 'लास्ट फ्रॉस्ट डेट' वगैरे असतं. मी बहिणीला आपल्या कालनिर्णयात बसवून दिलं, कारण ते तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलंच असतं.

गणपती विसर्जन: रात्री १०-१२ अंशांकडे उतरायला लागल्या. कढीपत्ता, मोगरा, तुळस आत. आणण्याआधी पानांच्या खालची कीड धुऊन काढायची.

दसरा: मंजिऱ्या गोळा करायच्या, पाकिटात भरायच्या.

दिवाळी: पाणी निम्म्यावर. खत बंद. कंद खोक्यात. ग्रो लाइट चालू.

तुळशीचं लग्न: जी तुळस आत उजेडाखाली आहे तिचं लावा. ती थकलेली असेल, असू दे.

संक्रांत: काहीही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे.

होळी: तुळशीचं बी पेरायचं, कंद कुंडीत.

अक्षय्य तृतीया: दिवसा दोन-तीन तास बाहेर सावलीत, रात्री आत. पानांना हळूहळू सवय लागू द्यायची, नाहीतर उन्हाने भाजतात.

वटपौर्णिमा: आता मुक्काम बाहेर.

अधिक महिना आला की हे पुढेमागे होणार, आणि न्यू जर्सीची थंडी लीड्सपेक्षा कडक, तिथे पहिलं दंवही वेगळ्या दिवशी पडतं. मेलबर्नला तर सगळं सहा महिन्यांनी उलटं. त्यामुळे कालनिर्णय आठवणीसाठी, शेवटचा शब्द थर्मामीटरचा. सलग चार रात्री १० च्या वर राहिल्या की बाहेर, एक जरी रात्र १० च्या खाली जाणार असेल तर आत.

एक महत्त्वाचं. इथून बॅगेत रोप किंवा कढीपत्त्याची फांदी ओल्या रुमालात गुंडाळून पाठवू नका. मला माहीत आहे आयांना किती मोह होतो. पण कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे. त्याच्यावर सायला नावाची बारीक कीड पोसली जाते आणि ती संत्र्या-लिंबांना 'सिट्रस ग्रीनिंग' हा रोग लावते. या रोगावर औषध नाही. २००५ मध्ये तो फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागा त्याने अक्षरशः पोखरल्या. म्हणून अमेरिकेत कढीपत्त्यावर कडक बंधनं आहेत, काही भागांतून दुसऱ्या भागांत रोप न्यायलाही. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जिवंत रोपाला आणि ताज्या फळ-भाजीला सरकारी आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं केलंय. सूट फक्त पाच फळांना: केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन. बियांनाही नियम आहेत. तिकडच्या नर्सरीत कढीपत्ता आणि तुळस दोन्ही मिळतात. तिथूनच घ्या. आपल्या आमटीसाठी दुसऱ्याची बाग कशाला धोक्यात घालायची?

आणि जाता जाता आपल्या दादर-लालबागवाल्यांसाठी. हाच नियम इथे उलटा लागतो. दादरच्या बाजारात किंवा ऑनलाइन ट्युलिपचे कंद, लॅव्हेंडर, सफरचंदाचं कलम बघून हात शिवशिवतो. ट्युलिपला फुलण्याआधी तीन-एक महिने कडाक्याची थंडी लागते. सफरचंदालाही हिवाळ्यातल्या थंडीचे तास मोजून लागतात, ते मिळाले नाहीत तर नीट मोहरत नाही. लॅव्हेंडर आपला उन्हाळा एक वेळ काढेल, पण जुलैची दमट हवा आणि सतत ओली माती त्याची मुळं कुजवते. आपली ११.७ ची रात्र त्यांना थंडी वाटतच नाही. त्यापेक्षा राणीच्या बागेत एक चक्कर मारा. झाडांवर नावं लिहिलेली आहेत. दूरदेशाहून येऊन जी तिथे शंभर-दीडशे वर्षं टिकली, त्यांची यादी म्हणजे मुंबईत काय जगतं याची सगळ्यात खात्रीची यादी.

शेवटचं, आणि हे तिकडच्यांसाठी नाही, इकडच्या आयांसाठी, मावश्यांसाठी आहे. तुमची मुलं हा भाग तुम्हाला ऐकवतील अशी आशा आहे. तुमच्या लेकीच्या घरी कार्तिकात तुळस काळी पडली, तर त्याचा तिच्या संसाराशी काही संबंध नाही. तिथे त्या आठवड्यात रात्री पाच अंशांवर उतरल्या, एवढंच झालंय. ती तुळस उष्ण देशातून आली होती, तिच्याकडे स्वेटर नव्हता. तुमची लेक मात्र स्वेटर घालून, अंधारात ऑफिसला जाऊन, अंधारात परत येऊन तिथे उभी आहे.

म्हणून यंदा कॉलवर 'तुळस कुठंय?' विचारू नका. 'बी ठेवलंयस ना?' एवढं विचारा. हो म्हणाली, तर तिच्या घरी तुळस आहेच. ती सध्या पाकिटात आहे.

आजच्यापुरतं एवढंच. बाहेर असलेल्या कुणाला तरी हा भाग आजच पाठवा, विसर्जनाच्या आत. तुमच्या कुंडीत काय जगलं, काय गेलं, ते व्हॉइस नोट करून कळवा. थर्मामीटरचा आकडाही सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.